काँ दुख्यो? मेडिकलच्या काउंटरवर शिकलेले नेपाळी प्रश्न

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं छोटं मेडिकल आहे, मी आणि माझे मिस्टर आलटूनपालटून बसतो. संध्याकाळी साडेसातची वेळ, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, गिऱ्हाईक कुणी नाही, आणि एक बाई आत आली. बाई कसली, पोरगीच, बावीस-तेवीसची असेल. कडेवर चारेक वर्षांचं पोरगं, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं, तोंड पार उतरलेलं. चेहऱ्यावरनं कळलं नेपाळची आहे. मी सवयीनं हिंदी सुरू केली, क्या हुआ, कहाँ दर्द हो रहा है, कब से. पोरगं माझ्याकडं बघत राहिलं आणि ती पण. नंतर कळलं की तिचा नवरा रंकाळ्यावर एका चायनीजच्या गाड्यावर कामाला आहे, त्याला हिंदीपण येतं आणि मराठीपण बऱ्यापैकी येतं, पण ही गावाकडनं येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले आणि तो गाड्यावर.

मग तिनं काय केलं, पोराला काउंटरवर बसवलं, त्याच्या पोटावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "बाबु, काँ दुख्यो? याँ?"

दुख्यो! मला एकदम असं झालं की अगं हे तर आपलंच आहे. मी हिंदी सोडली आणि सरळ मराठीत विचारलं, "पोट दुखतंय?" पोरगं मान हलवायला लागलं. मग मी म्हटलं, "वांती? वांती झाली?" तर ती पटकन म्हणाली, "बान्ता, बान्ता भयो, तीन चोटि." म्हणजे तीनदा उलटी झालेली. दर्द आणि उल्टी या शब्दांनी जे पाच मिनिटं अडलं होतं ते दुखणं आणि वांतीनं अर्ध्या मिनटात सुटलं. औषध काही मी माझ्या मनानं दिलं नाही, मागच्या गल्लीत लहान मुलांचे डॉक्टर आहेत त्यांच्याकडं पाठवलं, फक्त ओआरएसचं पाकीट हातात दिलं. ते बघून तिचा चेहरा उजळला, "ए, जीवनजल!" नेपाळमध्ये ओआरएसला जीवनजल म्हणतात. मला तो शब्द इतका आवडला की त्या रात्री घरी आल्यावर जुन्या वहीच्या मागच्या पानावर पहिल्यांदा लिहिला तो तोच.

त्या पानाची आता आख्खी वही झालीय, आणि आज जे सांगायचंय ते हे की नेपाळीत प्रश्न विचारायला शिकायचं असेल तर हिंदीच्या दारातनं जाऊ नका, मराठीच्या दारातनं जा. लिपी तर देवनागरीच आहे, वाचायला काही शिकावं लागत नाही. आपल्याकडं सगळे समजतात की नेपाळी म्हणजे हिंदीच थोडी वेगळी बोलतात, आणि मग हिंदीचं वाक्य घेऊन त्याला छ (म्हणजे आहे) लावून बोलतात. त्यानं काम भागतं पण प्रश्न वाकडे होतात. आणि प्रश्न वाकडा झाला की समोरचा माणूस नुसतं हसून हो म्हणून मोकळा होतो, खरं उत्तर मिळत नाही. औषधाच्या दुकानात ते चालत नाही हो.

आधी प्रश्नाचे शब्द सांगते, ते पटकन होतात. के म्हणजे काय, को म्हणजे कोण, कहाँ म्हणजे कुठं, बोलताना त्याचं काँ होतं. कहिले म्हणजे कधी, किन म्हणजे का, कसरी म्हणजे कसं, कुन म्हणजे कुठला, कति म्हणजे किती, कस्तो म्हणजे कसला किंवा कसा. हे शब्द वाक्यात कुठं ठेवायचे याची चिंताच नको, मराठीत जिथं ठेवतो तिथंच, बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी. "तपाईंको नाम के हो?" म्हणजे तुमचं नाव काय. "यो कसले गर्‍यो?" म्हणजे हे कोणी केलं. आपण जसं कोण कोण आलं, काय काय आणलं असं जोडीनं विचारतो तसंच ते को को आए, के के ल्याए म्हणतात. माणसं मोजताना आपण किती जण म्हणतो, ते कति जना म्हणतात, वस्तू असल्या तर कति वटा. गोळ्यांची पट्टी देताना "कति वटा?" हे मी आता दिवसातनं एकदा तरी विचारते. उच्चाराचं एकच सांगते, त्यांचा च हा आपल्या चोर, चमच्यातला च आहे. चिया (म्हणजे चहा) म्हणताना पण तोच, चिंचेतला नाही. मराठी माणसाच्या तोंडात दोन्ही च असतात त्यामुळं हे आपल्याला फुकट मिळतं.

किनचं एक सांगायचं राहिलं. किन म्हणजे का, आणि कारण सांगताना ते किनभने म्हणतात, म्हणजे का म्हणाल तर. आमची आजी कागलची, ती प्रत्येक गोष्टीत "का तर" लावायची, मी आले नाही, का तर पाय दुखत होता. किनभने ऐकलं की मला आजीच आठवते.

आता खरी गंमत, किंवा अडचण म्हणा, ती आहे हो आणि छ मध्ये. मराठीत सगळ्याला आहे चालतं. हा डॉक्टर आहे, डॉक्टर आत आहे, दोन्हीकडं आहे. नेपाळीत पहिल्याला हो लागतं आणि दुसऱ्याला छ. काय आहे, कोण आहे अशी ओळख विचारायची तर हो, "यो के हो?" कुठं आहे, आहे का, कसं आहे, असं विचारायचं तर छ, "यहाँ के छ?", "कस्तो छ?" घराबद्दल विचारताना हे फार छान दिसतं. "तपाईंको घर कहाँ हो?" म्हणजे तुमचं गाव कुठलं, मूळचे कुठले. आणि "घर कहाँ छ?" म्हणजे ती घर नावाची इमारत कुठं आहे, कुठल्या गल्लीत. आणि तिसरं हुन्छ, ते आपल्या असतंच्या जागी. "जाडो छ?" म्हणजे आत्ता थंडी आहे का, "जाडो हुन्छ?" म्हणजे तिकडं थंडी असते का.

माझी चूक कुठं झाली सांगते. तीच बहिनी (मी तिला आता बहिनी म्हणते, म्हणजे धाकटी बहीण, आणि ती मला दिदी) आठवड्याभरानं परत आली आणि म्हणाली, "दिदी, सिटामोल छ?" सिटामोल म्हणजे आपली पॅरासिटामॉल, तिकडं त्या गोळीला सगळे त्याच नावानं ओळखतात. मी म्हटलं, "हो." आणि ती तशीच उभी. मी पण उभी. मला वाटलं आता किती पाहिजेत ते सांगेल, तिला वाटलं हिनं माझं नुसतं ऐकून घेतलंय. कारण नेपाळीत आपल्यासारखं कुठल्याही प्रश्नाला चालणारं हो नाहीच. प्रश्नात जे क्रियापद आलं तेच उत्तरात परत द्यायचं. छ? छ. हो? हो. हुन्छ? हुन्छ. नसेल तर छैन, होइन, हुँदैन. म्हणजे समोरच्याचा शेवटचा शब्द नीट ऐकल्याशिवाय तुम्हाला साधं होय सुद्धा म्हणता येत नाही! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. दिवसभर काउंटरवर आपण न ऐकताच हो हो म्हणत असतो, इथं ती सोयच नाही.

आणि कोल्हापूरकरांसाठी अजून एक खड्डा आहे. बाकी महाराष्ट्र जेवलास का म्हणतो, आपण जेवलास काय म्हणतो, काय शेवटी. त्यामुळं आपल्याला साहजिक वाटतं की नेपाळीत पण के शेवटी लावलं की प्रश्न झाला. तसं होत नाही. लिखाणात, बातम्यांत के सुरवातीला येतं, "के तपाईं नेपाली हुनुहुन्छ?" आणि बोलताना तर बऱ्याचदा के लावतच नाहीत, नुसता आवाज शेवटी वर न्यायचा. "खाना खानुभयो?" झालं. पण के जर शेवटी आलं तर तो प्रश्नच राहात नाही, ते आपल्या "ओ" सारखं होतं. "गाह्रो छ के" म्हणजे अवघड आहे ओ, सांगतेय ना. मी सुरवातीला तिच्या अशा प्रत्येक वाक्याला प्रश्न समजून उत्तर द्यायला जायचे आणि ती गोंधळून जायची.

आता तू आणि तुम्ही. हे मला सावकाश सांगायचंय कारण इथं मी एकदा तिचं मन दुखावलंय.

नेपाळीत तँ, तिमी आणि तपाईं अशा तीन पायऱ्या आहेत आणि त्याच्यावर हजुर. मोबाईलवर एक तक्ता बघितला होता, त्यात तँ समोर तू लिहिलेलं. आपल्या मराठीत तू म्हणजे किती जवळचं, आईला आपण तू म्हणतो, विठ्ठलाला तू म्हणतो, अंबाबाईला तू म्हणतो. मला वाटलं एवढी लहान पोरगी, रोज येते, दिदी म्हणते, हिला तपाईं म्हणणं म्हणजे परकं केल्यासारखं. म्हणून मी मोठ्या मायेनं विचारलं, "तँ कहाँ बस्छस्?" तिचं हसू गेलं. उत्तर दिलं तिनं, राजेंद्रनगरच्या बाजूला खोली आहे म्हणून, पण त्यानंतर चार-पाच दिवस ती आलीच नाही. नंतर तिचा नवरा आला होता, त्याला मी विचारलं तेव्हा तो फार अवघडत म्हणाला की वहिनी, तँ आम्ही म्हणजे कुत्र्याला म्हणतो, भांडताना म्हणतो, फार तर लहान पोराला किंवा एकदम लंगोटीयाराला, आणि इथं कामावर लोक आमच्याशी तसंच बोलतात म्हणून तिला लागलं असंल.

देवाला ते पण तँ म्हणतात म्हणा. पण मी काही देव नव्हे आणि ती कुत्रं नव्हे. मी दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीवर जाऊन आले. दारातच म्हटलं, "बहिनी, सन्चै हुनुहुन्छ?" म्हणजे बरी आहात ना. तिनं आत बोलावलं, चहा केला.

तेव्हापासनं माझा नियम आहे, कुणीही असो, तपाईं. लहान असली तरी तपाईं. तिमी म्हणायची वेळ समोरच्यानं आणली तर मग बघू. आणि हाक मारताना दाइ, भाइ, दिदी, बहिनी. दाइ म्हणजे मोठा भाऊ, भाइ म्हणजे धाकटा, इथं उलटापालट करू नका, पन्नाशीच्या माणसाला भाइ म्हणणं बरं दिसत नाही. आणि हे बहादूर बहादूर करणं तेवढं बंद करा प्लीज. आमच्याच गल्लीत रात्री शिट्टी मारत फिरणाऱ्या दाइंना वीस वर्षं सगळी गल्ली बहादूर म्हणत होती, त्यांचं नाव काय हे कुणी विचारलंच नव्हतं. "दाइ, तपाईंको नाम के हो?" एवढंच विचारायचं होतं.

तपाईंचं क्रियापद लांबलचक दिसतं म्हणून लोक घाबरतात. जानुहुन्छ, आउनुभयो, बस्नुहुन्छ. पण त्याची फोड करून बघा. आउनु म्हणजे येणं, भयो म्हणजे झालं. "कहिले आउनुभयो?" म्हणजे कधी येणं झालं! आमचे आजोबा पाहुणा दारात दिसला की हेच विचारायचे, "येनं कवा झालं?" तुम्ही कधी आला असं त्यांनी मोठ्या माणसाला कधी विचारलंच नाही, येनं कवा झालं, जेवान झालं का. नेपाळीत अदबीनं विचारायचा अख्खा कारखाना याच एका साच्यावर चालतो. करणं झालं का, "गर्नुभयो?" जाणं होतं का, "जानुहुन्छ?" खाणं झालं का, "खानुभयो?" हे मला ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी पाठांतर संपलं, आजोबांच्या आवाजात विचारायचं एवढंच राहिलं.

फक्त उत्तर देताना स्वतःला ती अदब लावायची नाही. "खानुभयो?" असं विचारलं तर उत्तर "खाएँ", खानुभयो नाही. क्रियापद तेच परत द्यायचं हे खरं, पण स्वतःपुरतं साधं करून. डॉक्टर आहेत का असं कुणी विचारलं, "डाक्टर साहेब हुनुहुन्छ?" तर मात्र उत्तरात पण हुनुहुन्छ, कारण मान त्यांचा आहे.

बरं, बस्नुचं पण सांगून टाकते. बस्नु म्हणजे बसणं पण आणि राहाणं पण. पहिल्यांदा तिनं मला "दिदी काँ बस्नुहुन्छ?" विचारलं तेव्हा मी स्टूल पुढं ओढून दिलं, ती विचारत होती की तुम्ही राहाता कुठं. तसंच मिल्छ. आपल्याला वाटतं मिळतं, पण मिल्छ म्हणजे जमतं, चालतं. "दूधसँग मिल्छ?" म्हणजे ही गोळी दुधाबरोबर चालते का. मिळतं का विचारायचं तर "पाइन्छ?" म्हणायचं. आणि नानी म्हणजे आजी नाही, लहान लेकरू. "नानीलाई के भयो?" असं कुणी विचारलं तर आजीची चौकशी नाही ती, बाळाची आहे. सगळ्यात सुंदर म्हणजे सोध्नु, आपल्या शोधणंच्या जवळचा शब्द पण अर्थ विचारणं. "एउटा कुरा सोधौँ?" म्हणजे एक गोष्ट विचारू का. आपण विचारतो, ते सोधतात.

ज्यांना तपाईं तिमीचा फारच ताण येतो त्यांच्यासाठी एक वाट आहे आणि ती तर निव्वळ मराठी आहे. आपण काय करायचं, कुठं जायचं, किती द्यायचं असं विचारतो ना, त्यात तू आणि तुम्ही येतच नाही. नेपाळीत तिथं ने लागतो. के गर्ने? कहाँ जाने? कति दिने? "अब के गर्ने?" म्हणजे आता काय करायचं, शब्दाला शब्द. माझ्या दुकानातले रोजचे प्रश्न बघा. "यो कसरी खाने?" हे कसं खायचं. "कति दिन खाने?" किती दिवस खायचं. "दिनमा कति चोटि?" दिवसात किती वेळा. "खाना अघि कि पछि?" जेवणाआधी का नंतर. आपल्या "हे का ते" मधलं "का" तिथं कि होतं, चिया कि कफी, हो कि होइन. आणि खाने म्हणजे गोळीच नाही, औषध, चहा, पाणी सगळं खातातच ते. "चिया खानुभयो?" हे त्यांचं "च्या झाला काय" आहे, त्याचं उत्तर काहीही असलं तरी बोलणं सुरू होतं.

अजून थोडे छोटे शब्द, ज्यांच्याशिवाय प्रश्न पुस्तकी वाटतात.

रे. आपल्याला रे म्हणजे अरे रे वाटतं. नेपाळीत रे म्हणजे म्हणे. "आउँछ रे" म्हणजे येतोय म्हणे. "के रे?" म्हणजे काय म्हणे, काय म्हणाला तो. मी बहिनीच्या नवऱ्याला डॉक्टरांनी काय सांगितलं विचारायचं असेल तर "डाक्टरले के भन्नुभयो?" पण म्हणते, पण "के रे?" नं जे काम होतं ते त्यानं होत नाही, त्यात जवळीक आहे. आणि याच्याच शेजारी र आहे, मात्रा नसलेला, तो वेगळा. "हो र?" म्हणजे आपलं व्हय रं? खरंच की काय? "हो रे" म्हणजे आहे म्हणे. एका मात्रेचा फरक आणि एक विचारतोय, दुसरा सांगतोय.

नि तर आपल्याकडं पण आहे, मी नि तू. तिकडं वाक्याच्या शेवटी येतो आणि प्रश्न उलटा फिरवतो. "म ठिक छु, तपाईं नि?" मी बरी आहे, आणि तुम्ही? नवरा एकटाच औषधाला आला की मी विचारते, "बहिनी नि?" एवढंच. आणि ती कुठाय.

आणि खै. हा मला सगळ्यात आवडतो. "बाबु कहाँ छ?" म्हणजे बाळ कुठं आहे, साधी चौकशी. "बाबु खै?" म्हणजे कुठाय बाळ, दिसत नाही ते, दाखवा की. जे समोर असायला पाहिजे होतं आणि नाहीये त्याला खै. आणि गंमत म्हणजे उत्तरात पण खै चालतं, तेव्हा त्याचा अर्थ काय की! कुणास ठाऊक. डाक्टर कति बजे आउनुहुन्छ? खै. मी आमच्या मिस्टरांना पण आता तेच उत्तर देते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी, की नेपाळचा प्रत्येक माणूस घरात नेपाळीच बोलतो असं नाही. २०२१ च्या त्यांच्या जनगणनेत १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्यात आणि नेपाळी ही मातृभाषा असलेले साधारण ४५ टक्केच आहेत. ही बहिनी अछामची, सुदूर पश्चिमेतली, तिच्या घरात अछामी चालते, नेपाळी तिची शाळेतली. त्यामुळं "घरमा कुन भाषा बोल्नुहुन्छ?" हा प्रश्न पण विचारावा, लोकांना फार बरं वाटतं. आणि उलट बाजूनं, नेपाळी बोलणारा म्हणजे नेपाळचाच असंही नाही, दार्जिलिंग आहे, सिक्कीम आहे. आपल्या शेजारची कोकणी १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली ना, त्याच ७१ व्या दुरुस्तीत मणिपुरी आणि नेपाळी पण आल्या. म्हणजे कोकणीला जो मान तोच नेपाळीला, आपल्याच घटनेत. मी हे दुकानात एकानं "ह्यांची ती परदेशी भाषा" म्हटल्यावर त्यांना सांगितलं, त्यांना खरं वाटलं नाही.

पावसाबद्दल राहिलंच की. आपण पाऊस पडला म्हणतो, ते "पानी पर्‍यो" म्हणतात, पर्नु म्हणजे पडणं. भाव विचारताना पण तेच, "कति पर्‍यो?" म्हणजे कितीला पडलं, लक्ष्मीपुरीत भाजीवाल्यासमोर आपण विचारतो तसं. आणि आवडण्याला पण पडणंच, "मन पर्छ?" म्हणजे आवडतं का, मन पडतं का. "भूक लागली का"ला "भोक लाग्यो?", आणि आत्ता भूक आहे तरी लागली असं झालेलं बोलायचं, अगदी आपल्यासारखं. त्या पहिल्या रात्री तिनं दुख्यो म्हटलं ते पण तसंच.

जुलैच्या शेवटी पंचगंगा चढायला लागली तशी ती रोज यायची, काही घ्यायला नाही, विचारायला. २०१९ आणि २०२१ च्या महापुराचं तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि खोली सखल भागात. "दिदी, पानी कति फिट पुग्यो?" मी मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघायचे, ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे तिला समजावून सांगितलं होतं, आणि मग सांगायचे, छत्तीस, सदतीस. ती आकडा ऐकायची, मनात वजाबाकी करायची, आणि मग विचारायची, "जाने कि?" निघायचं का मग. त्या "कि" मध्ये "का" पण नाही आणि "हो" पण नाही, नुसतं सुचवणं आहे, तुम्ही काय म्हणता असं. मी म्हणायचे, "अहिले छैन कि काय", असलं काहीतरी मोडकंतोडकं, आणि मग सरळ मराठीत, थांब, उद्या बघू, नाहीतर माझ्याकडं या पोराला घेऊन. ते थांब उद्या बघू तिला कळायचं.

आता पोरगं शाळेत जातंय, जवळच्याच. परवा ती दुकानात आली ती एकदम प्रश्न घेऊनच. शाळेत कुणीतरी तिला विचारलं होतं, मुलगा कितवीला. तिला किती कळत होतं, वीला कळत नव्हतं. "दिदी, कितवी भनेको के हो?"

"भनेको के हो" म्हणजे आपलं "म्हणजे काय". भन्नु म्हणजे म्हणणं, म्हटलेलं काय आहे, आपलं म्हणजे पण म्हणण्यातनंच आलंय. कुठलाही शब्द अडला की हे तीन शब्द पुरतात.

आपण मराठी लोक कितवा वर फार खूष असतो, इंग्रजीत नाही, हिंदीत नाही, राम दशरथाचा कितवा मुलगा हे विचारून दाखवा म्हणतो. मी पण तिला हाताच्या बोटांवर समजावायला लागले, पहिली, दुसरी, तिसरी, त्यातली किती नंबरची. ती बोटांकडं बघत होती आणि मधेच थांबून म्हणाली, "ए, कतिऔँ!"

कति, औँ. किती, वा. मी वही काढली आणि तिच्यापुढं धरली, म्हटलं तुम्हीच लिहा. तिनं पेन घेतलं, कतिऔँ लिहिलं, त्याच्यापुढं बरोबरचं चिन्ह काढलं आणि मान वर करून विचारलं, "कितवी मा वी ठूलो कि सानो?" मोठी वी का छोटी, म्हणजे दीर्घ का ऱ्हस्व. मी म्हटलं, दीर्घ. ठूलो.